काचेपलीकडचा बाप्तिस्मा

माझ्या लेकीचा बाप्तिस्मा झाला की राहून गेला, या शंकेने मला एक दिवस असं पोळलं की तो दिवस अजून विसरता येत नाही. आज ती कुशीवर वळते, दिव्याकडे बघून हसते, त्यामुळे कुणाला ही शंका छोटी वाटेल. पण तेव्हा ती हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत होती, नाकात नळी होती, आणि डॉक्टर विचारलं की नुसते "बघू या" म्हणत होते. मी तिला प्रभूच्या ओंजळीत ठेवलंय, या एका समजुतीवर मी उभा होतो. ती समजूतच कच्ची निघाली तर?

मी जालन्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गावाकडे काम नव्हतं म्हणून बायकोला, शीलाला घेऊन कल्याण पूर्वेला आलो, एक खोली भाड्याने घेतली. ठाण्यात धर्मशास्त्राचं एक छोटं अभ्यास केंद्र आहे, तिथे मी झाडलोट करतो, चहा करतो, कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ पुसतो. ग्रीक आणि लॅटिनमधली पुस्तकं ती, मला त्यांच्या पुठ्ठ्यावरचं नावही वाचता येत नाही. प्रभूनंतरच्या पहिल्या काही शतकांत जे ख्रिस्ती आचार्य होऊन गेले, त्यांनी काय लिहिलं, कशावरून भांडले, हे तिथे एक वयस्कर सिस्टर शिकवतात. बोलायला मऊ, पण वर्गात कुणी अर्धवट वाचून आलं की सोलून काढतात.

चहा देता देता एकदा त्या आचार्यांचं एक भांडण माझ्या कानावर पडलेलं. त्या जुन्या काळात समुद्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या धर्मगुरूंमध्ये वाद पेटला होता. मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा खरा धरायचा का? एक बाजू म्हणायची, ज्याच्याकडे जे नाही ते तो देणार कसं? दुसरी म्हणायची, देणारा माणूस नसतोच, देणारा देव. वर्गातला एक पोरगा हसत म्हणाला, "मग काय सिस्टर, उद्या आमच्या सोसायटीचा वॉचमन पण देईल!" सिस्टरनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे पंप कोण चालू करतं?" "वॉचमनच." "मग तू आंघोळ करतोस ते पाणी त्याच्या घरचं असतं का रे?" सगळे हसले. मीही हसलो आणि कप गोळा करून बाहेर आलो. मोठ्या माणसांचे मोठे वाद, आपल्याला काय, असं तेव्हा वाटलं.

नंतर आमची लेक सातव्या महिन्यातच आली. शीलाचं ऑपरेशन कल्याणला झालं, तिला तिथेच ठेवून लेकराला ॲम्ब्युलन्सने ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणावं लागलं. मी एकटा. गावाकडची माणसं गाडीत बसायची होती. आमच्या चर्चच्या फादरना फोन केला तर ते शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेले. ते म्हणाले, "माझी वाट बघू नकोस. जिवाची भीती असली की कुणीही देऊ शकतं. तूच दे. डोक्यावर पाणी वाहू दे आणि शब्द म्हण." पण मला सर्दी झालेली, खोकला होता. नर्सने दारातच अडवलं. खरं होतं तिचं. आत इवली इवली लेकरं होती, माझा खोकला त्यांना मारक ठरला असता.

तेवढ्यात वॉर्डातली मावशी बाहेर आली. इथलीच आगरी बाई, घोडबंदर रोडकडच्या गावातली, साठीची असेल. मला भिंतीला टेकून रडताना बघून थांबली. मी काय मागतोय ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी एकवीरा आईची मानूस. चालंल तुज्या देवाला?" केंद्रातली ती दुपार तेव्हा आठवली नसती तर मी काय उत्तर दिलं असतं, देव जाणे. मी म्हणालो, "चालेल, मावशी. देणारा तोच आहे." मग मी तिला शब्द सांगितले. मार्था, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. मार्था हे माझ्या आजीचं नाव. तिने ते सगळे शब्द दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतले आणि आत गेली.

नर्सने तिला छोट्या सिरिंजमध्ये कोमट, शुद्ध केलेलं पाणी दिलं. मी काचेला कपाळ लावून उभा होतो. मावशीने पेटीच्या बाजूच्या भोकातून हात घातला, पाण्याची बारीक धार लेकीच्या डोक्यावरून कानामागे उतरली, आणि मी बाहेरून मोठ्याने ते शब्द म्हटले. म्हणून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की बाकड्यावर बसल्या बसल्या झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचं सांगायला केंद्रात गेलेलो. सिस्टरना सगळं भरभरून सांगितलं, तुमच्या वर्गामुळेच सुचलं म्हणालो. त्या आनंदाने ऐकत होत्या आणि मधेच त्यांचा चेहरा उतरला. "शब्द तू म्हटलेस? आणि पाणी तिने घातलं?" "हो सिस्टर." "राजा, जो पाणी घालतो त्यानेच शब्द म्हणायचे असतात. ती काही बोलली का?" मला काय माहीत! तिच्या तोंडावर मास्क होता. सिस्टर लगेच म्हणाल्या, देव आपल्या चुकांनी बांधलेला नाही, तुझी लेक त्याचीच आहे, शिवाय शंका असली तर फादर अट घालून, म्हणजे आधी झाला नसेल तर असं म्हणून, पुन्हा देऊ शकतात. पण त्या दिवशी वॉर्डात जंतुसंसर्ग झाला म्हणून बाहेरच्या कुणालाच आत सोडत नव्हते. मी लेकीला सोपवलं असं समजून झोपलो होतो, आणि ती आत एकटीच होती की काय? हेच डोक्यात फिरत राहिलं. हॉस्पिटलात फोन लावला तर मावशी सुट्टीवर. तिच्या नातवाची हळद होती.

सिस्टरनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या. "चल, रिक्षा बघ."

टॉवरांच्या मधल्या गल्लीतून आत गेलो की एकदम गाव लागतं. मांडव होता, भर दुपारी स्पीकर दणाणत होते, बायका हळदीच्या साड्यांमध्ये नाचत होत्या. पांढऱ्या झग्यातल्या सिस्टरना बघून कुणीतरी गाणं बारीक केलं. मावशी परातीत पीठ मळत होती. मला पाहताच तिचे हात थांबले. "अरं बाबा, पोर हाय ना?" मी मान डोलावली. तिने एवढा मोठा श्वास सोडला की बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

सिस्टरनी मला गप्प राहायची खूण केली. शब्द आपल्याकडून तिच्या तोंडात जायला नकोत म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "काल आत गेल्यावर तुम्ही काय काय केलंत, ते सांगाल का?"

"काय करनार? यानं सांगितला तसा. पानी वतला न बोल्ले."

"काय बोललात?"

मावशीने पिठाचा हात वर धरला, डोळे मिटले आणि सगळं म्हणून दाखवलं. मार्थापासून शेवटपर्यंत, एक शब्द गाळला नाही. मग डोळे उघडून माझ्यावरच उखडली. "न तू भायेर कनाला तोंड हालवत व्हतास रं? त्या काचंतून मना काय ऐकू येतंय? म्हटला, याचा द्येव वाट बघत असंल, आपूनच बोलू या."

सिस्टर शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मी तर मावशीच्या पाया पडायला वाकलो, तर ती ओरडली, "ए, लांब! सर्दी झालीय तुना!" मग आम्हाला वडे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परतताना आम्ही रिक्षात बसलो. सिस्टर म्हणाल्या, "त्या जुन्या वादाची पत्रं मी इतकी वर्षं वाचते आहे. दोन्ही बाजूंना अशी लेकरं असणार आणि दाराबाहेर असे बाप. आज ते दिसलं."

मावशी बोलली म्हणून लेक वाचली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी, नर्सेसनी रात्रीचा दिवस केला. पण त्या दुपारपासून माझ्या मनातली धास्ती गेली, हे खरं. पुढेही वाईट दिवस आले, नळी काढून पुन्हा घालावी लागली, तरी मी फोन वाजला की सरळ उचलायचो. ती योग्य हातात आहे, एवढं मला कळलेलं होतं.

लेक घरी आल्यावर चर्चमध्ये राहिलेला विधी केला. शीला नव्या साडीत, गावाकडून आई आलेली, आणि पहिल्या बाकावर मावशी. फादरनी लेकीच्या कपाळाला तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. पाण्याच्या कुंडाजवळून ते तसेच पुढे गेले. मावशीला राहवलं नाही, जागेवरूनच तिने विचारलं, "फादर, पानी रायला ना?"

फादर थांबले. "नाही मावशी. बाप्तिस्मा एकदाच होतो. तो तुम्ही दिलाय."

ती पदर तोंडाला लावून खाली बसली. मी अडाणी माणूस, मला देवाला सगळं नीट, नियमाने, आपल्याच हाताने द्यायचं होतं. त्या दिवशी मला दाराबाहेर ठेवून त्याने स्वतःच ते घेतलं, आणि ज्या हातांनी घ्यायचं ते हातही त्यानेच निवडले. आता काळजीने जीव घाबरला की मी एवढंच म्हणतो, प्रभू, मी बाहेर उभा आहे, आतलं तू बघ.