घरच्या पंपाचा साचा

आमच्या ह्यांना माणसं ओळखता येत नाहीत. परवा शेजारच्या बाईंना जिन्यात "आपण नवीन राहायला आलात का?" असं विचारून आले. त्या आमच्या लग्नात पंगतीत वाढत होत्या. पण पंप ओळखायला द्या, मग बघा ह्यांचा रुबाब!

जुन्या शर्यतीच्या गाड्यांत इंजिनाला पेट्रोल पाजणारा एक यांत्रिक इंजेक्शन पंप असतो. बाहेरून सगळे एकाच आईची लेकरं. फरक असतो पोटात. तिथे एक वेडावाकडा, फुगीर लोखंडी गोळा बसवलेला असतो, त्याला कॅम म्हणतात. कुठल्या वेगाला किती पेट्रोल सोडायचं हे त्याच्या आकारावर ठरतं आणि प्रत्येक इंजिनाचा आकार वेगळा. मला हे सगळं कळतं, कारण लग्न झाल्यापासून आमच्या ताटावर दुसरा विषयच नाही.

पंपाच्या अंगावर एक पितळी पाटी असते, तो कुठल्या गाडीचा ते सांगणारी. हे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. "पाटी कोणीही बदलतं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, अगदी दूध घालणाऱ्यालासुद्धा. मग पंप उघडायचा, कवळी करणारे डॉक्टर वापरतात तो गुलाबी लगदा कॅमवर दाबायचा, साचा घ्यायचा आणि कपाटातल्या साच्यांशी ताडून बघायचा. ते कपाट मी कपबश्यांसाठी घेतलं होतं. कपबश्या पलंगाखाली सुखात आहेत.

ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे भावजी, इंजिनवाले. मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. ह्यांनी पंप ओळखायचा, भावजींनी तो बसवायचा, असं छान चाललं होतं. मग दोघांनी मिळून सासऱ्यांची जुनी दोन सीटर गाडी दुरुस्त करून उभी केली. दिसायला नवरी, पण अर्धं पेडल दाबलं की खोकायची आणि काळा धूर ओकायची. भावजी म्हणाले, "दादा, पंप एकदा उघडून बघ." झालं! ह्यांच्या पंपावर शंका! जुन्या गाड्यांच्या क्लबात चारचौघांसमोर हे गरजले, "पंप मी ओळखलाय. ह्याला इंजिन लावता येत नाही, त्याला मी काय करू?"

क्लबातल्या साहेब लोकांना ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकेकाने आपापली गाडी भावजींकडून काढून नेली. भावांचं बोलणं बंद झालं. जाऊबाई मला बाजारात भेटली की कांद्याकडे बघत राहायची. शेवटी कळलं की भावजी गॅरेज बंद करताहेत, या आठवड्यात किल्ली जागेच्या मालकाच्या हातात. मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ज्याची त्याची मर्जी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्याच दिवशी लांबच्या गावाहून एक पेटी आली. कुणीतरी साध्या चार दारांच्या गाडीसाठी जुना पंप विकत घेतला होता आणि गाडी काही केल्या नीट चालत नव्हती. ह्यांनी पंप उघडला, साचा घेतला आणि आनंदाने टेबलावर हात आपटला. "अगं, बघ! पाटी साध्या गाडीची आणि कॅम दोन सीटरचा! कुठल्या गाढवाने पाटी बदलली असेल ही?"

मग त्यांनी भिंग घेतलं. पाटी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली होती आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर कानशीची एक तिरकी रेघ होती. असे खिळे बाजारात मिळत नाहीत. ते आमच्याच घरात तयार होतात.

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. "काय हो, त्या गाढवाला चहा टाकू का?"

हे खाली बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. तेव्हा सासऱ्यांच्या गाडीचा पंप आणि एका गिऱ्हाइकाच्या साध्या गाडीचा, साचा घेऊन झालेला पंप, दोन्ही एकदमच टेबलावर होते. ह्यांना चकचकीत पाट्यांचा भारी सोस. दोन्ही पाट्या काढून घासल्या आणि ठोकताना ह्याची त्याला, त्याची ह्याला. मग पाटी बघून एक पंप घरच्या गाडीत गेला आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे, तिथून विकला जाऊन ह्या पेटीत.

"आणि घरच्या पंपाचा साचा?" मी विचारलं.

"घरच्या पंपाचा साचा कोण घेतं?" ते पुटपुटले. त्यांचा चेहरा बघून पुढचं टोचणारं वाक्य मी गिळलं. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

"मी गुपचूप पंप बदलून टाकतो," ते म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"आणि भावजींचं गॅरेज? तेही गुपचूप उघडणार का?" मी चप्पल घातली. हेही निघाले, पेटी उचलून.

गॅरेजात भावजी आपले पाने-पकडी फडक्यात गुंडाळून खोक्यात भरत होते. ह्यांनी पंप समोर ठेवला आणि पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "मी चुकलो."

भावजींनी पंपाकडे पाहिलंच नाही. खण उघडून एक गुलाबी साचा काढला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. "घरच्या पंपाचा आहे. आपलं भांडण झालं, त्याच आठवड्यात घेतला मी."

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तुझ्याकडे पंप कोणी पाठवला असता? दादा, तुझ्याकडे तुझ्या शब्दाशिवाय दुसरं आहे काय? माझं काय, पाना धरता येतो, कुठेही पोट भरेन."

मला रडू आलं. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि क्लबाच्या अध्यक्षांना लावला. "दोन सीटरचा पंप मी चुकीचा ओळखला होता. इंजिनात काही दोष नव्हता, भाऊ बरोबर होता. हो, सगळ्यांना सांगा."

पलीकडचा आवाज एवढा चढला की आम्हालाही ऐकू आला, "मग आमचे पंप तरी धड ओळखलेत ना?"

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "खात्री नाही. सगळ्या गाड्या इथे आणा. भाऊ पंप उघडेल, मी बघेन."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, ह्याला ताप आहे का?"

"असू दे," मी म्हटलं, "उतरायच्या आत गाड्या मागवून घ्या."

भावजींनी खोक्यातले पाने पुन्हा बाहेर काढायला घेतले.