पहिले दोन दिवस काही करायचं नाही

मी इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सध्या आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. अठ्ठाविसाव्या मजल्यावर मंदारराव राहतात. अल क्वोजला त्यांचं मसाल्यांचं गोदाम आहे. जुलैत एकदा लॉबीत थांबून म्हणाले, "सुभेदारसाहेब, ऑक्टोबरमध्ये किर्गिझस्तानला शिकारीला चाललोय. डोंगरातला रानबकरा. परमिट आलंय. मला फिट करा."

बाहेर पहाटेही उकाडा, म्हणून जिना धरला. रोज ०५०० वाजता, पाठीवर पंधरा किलो तांदूळ, अठ्ठावीस मजले. उतरतानाही लिफ्ट नाही.

"यल्ला, चला, थांबायचं नाही."

"साहेब, बकरा इतका पळत नाही हो."

"बकऱ्याला पोट नाही."

बारा आठवड्यांत पोट उतरलं. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "आता पोचलो की थेट डोंगर चढतो."

"पहिले दोन दिवस काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

"मग हे तीन महिने कशाला?"

मी त्यांना पायरीवर बसवलं आणि दत्ताचं सांगितलं. घरीही कधी सांगितलेलं नाही.

नाईक दत्ता शेळके माझा बडी, म्हणजे पलटणीतला जोडीदार, बटालियनचा धावपटू. लडाखमध्ये हवा विरळ, म्हणून पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण आराम, असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी ०६३० वाजता तो बरॅकमागे धावायला निघाला. "बसून पाय जड होतात रे. तू फक्त घड्याळ लाव." मी घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं.

संध्याकाळी त्याचं डोकं दुखू लागलं.

"डॉक्टरसाहेबांना सांगू?"

"गप. मला खाली पाठवतील."

मी गप्प राहिलो. सकाळी त्याचा श्वास घरघरत होता. ऑक्सिजन लावला. रस्ता बर्फानं बंद. वायरलेसवरून निरोप गेला.

"वन कॅज्युअल्टी. छातीत पाणी. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर."

"वेदर क्लोज्ड. वेट. आउट."

०९४० वाजता दत्ता गेला.

 किर्गिझस्तानला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मंदाररावांचा फोन आला. "साहेब, दोन दिवस पडून होतो. आज चढलो तर डोकं ठणकतंय. बकरा समोरच्या कड्यावर आहे. गाइड म्हणतो, अजून तीनच तास."

"मग?"

"खलास, बस झालं म्हणालो. खाली उतरतोय."

एकही गोळी न झाडता ते परतले. लॉबीत त्यांच्या मुलीनं विचारलं, "डॅड, सो नो गोट?"

"नो गोट, बेटा," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

आता जिना मी एकटाच चढतो. गुडघे दुखतात, दर पाच मजल्यांवर बसावं लागतं. दत्ता सव्वीस वर्षांचा होता. चढायला निघताना मी घड्याळ काढून केबिनमध्ये ठेवतो.