शैलाताईंचा तास

आमच्या परिचारिका संघटनेने नोकरी करणाऱ्या सभासदांसाठी पदवीचा ऑनलाइन वर्ग सुरू केला, तेव्हापासून रविवारी दुपारी त्याची व्यवस्था मी पाहते. पडद्यावर तीसेक चौकोन असतात. बहुतेकांचे कॅमेरे बंदच असतात.

त्या रविवारी शैलाताईंचा कॅमेरा चुकून सुरू राहिला होता. वय बावन्न, सरकारी रुग्णालयात नोकरी. त्यांचे यजमान जाऊन पाच दिवस झाले होते. मागे भिंतीशी सतरंजीवर नातेवाईक बायका बसल्या होत्या आणि पुढे शैलाताई वही उघडून बसल्या होत्या. मी त्यांना फोन केला.

"ताई, आज नसता बसलात तरी चाललं असतं. मी सरांना सांगते."

"नको," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "इथे सगळ्या सकाळपासून म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही गं. तास ऐकू दे."

संघटनेच्या प्रत्येक सभेत आम्ही सांगतो, शिकायला वय नसतं. पण दमलेलं, मोठं झालेलं माणूस वर्गात येऊन का बसतं, हे आम्ही कधी कुणाला विचारलेलं नाही. मलाही तेव्हा ते विचारावंसं वाटलं नाही. मी फोन ठेवला.

सरांनी विचारलं, "भाजलेला रुग्ण आला, तर आधी काय पाहाल?"

"श्वास," शैलाताई म्हणाल्या.

"बरोबर," म्हणून सर पुढे गेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

शैलाताईंनी आपलंच उत्तर सावकाश वहीत लिहून घेतलं.