वन्संनी शिवलेला काठ

आज जपाला बसले, डोळे मिटले आणि समोर देवाऐवजी वन्संच आल्या. देवा, माफ कर. पण त्यांच्याबद्दल वहीत उतरवल्याशिवाय माझा जप व्हायचा नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. व्यवसायानं टेलर. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या दारी नदी. नदी कसली, काळा नालाच होता. वन्संनी गल्लीच्या मागे लागून कचरा उपसला, सांडपाणी दुसरीकडे वळवायला लावलं. मग उघडा पडलेला काठ ढासळू लागला.

नगरपालिकेचे इंजिनिअर म्हणाले, "सरळ भिंत घालतो."

"भिंत घातली की पुन्हा गटारच," वन्सं म्हणाल्या. "मी गवतानं काठ धरून दाखवते."

"पावसाळा संपेपर्यंत थांबतो. काठ गेला, तर भिंत."

झालं! घरात दुसरा विषयच नाही. "आमची बेबी म्हणजे वाघीण आहे," हे नवऱ्याचं जेवताना रोजचं. त्या वाघिणीच्या ताटातली भाजी कोणी केली, ते विचारू नका.

वन्संनी उतारावर दुहेरी गोणपाट अंथरलं, त्यात गवताचे ठोंब लावले आणि सगळे जोड शिवले. कोटाला घालावी तशी बारीक, घट्ट शिवण! गल्ली बघायला लोटली. माझ्या पोटात दुखलं.

पाणी चढलं. गोणपाटामागे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. गोणपाट फुगलं आणि अख्खं वाहून गेलं. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं. वन्संचं मशीन गप्प झालं, तेव्हा मात्र नाही वाटलं.

मी खिडकीशी गादीची खोळ शिवत होते. वन्सं टक लावून बघत राहिल्या.

"हसा ना," मी म्हटलं. "माझ्या टाक्यांतून मांजर जातं, असं तुम्हीच म्हणता."

"मांजर नाही, वहिनी, पाणी जाईल. काठावर चला. मला एवढं वाईट शिवता येत नाही. करून बघितलं, हातच ऐकत नाही."

हे कौतुक की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

नवं गोणपाट, गवताचे ठोंब, दाभण आणि सुतळी घेऊन दोघी उतरलो. वरचा भाग वन्संचा. मी घोटाभर चिखलात, तोंडानं नाम घेत, खालचा शिवला. पुन्हा पाणी चढलं, माझ्या टाक्यांतून आत-बाहेर झिरपत राहिलं आणि उतरलं. काठ जागच्या जागी होता.

इंजिनिअर आले. "बाई, जिंकलात. भिंत रद्द!"

"खालची बाजू वहिनींची आहे," वन्सं म्हणाल्या.

"हो का?" म्हणत त्यांनी वन्संचाच फोटो काढला.

आता रोज पूजा आटोपली की मी मागच्या दारी जाऊन बघते. खालचं गवत वरच्यापेक्षा दाट आलंय. काल नवऱ्याला मुद्दाम नेऊन दाखवलं.

तो म्हणाला, "बेबीचं काम आहे ते. दाट असणारच!"