हळदीच्या पाण्याची परीक्षा

त्या सकाळी आम्ही दोघांनी रेशमाच्या लडी पिळल्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको. ती म्हणाली, "जोर लावा की, जेवला नाहीत काय?" आमचा धंदा रंगाऱ्याचा, बेंगळूरच्या पेठेत. भाषावार राज्यं होऊन म्हैसूर राज्य मोठं झालं, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. लडी वाळत घातल्या आणि ती हात धुवायला बसली. रंगानं कोपरापर्यंत निळे झालेले. गल्लीतल्या सगळ्या बायकांना देवळापुढं बोलावलं होतं. देवापुढं असले हात घेऊन कसं जायचं, म्हणून तिनं धुण्याचा सोडा लावून ते घासघास घासले.

बोलावणं कांबळीवाल्यांचं होतं. काळी कांबळी पांघरलेले सहा-सात मांत्रिक. चेटकिणी हुडकत गावोगाव फिरायचे. जिभेवर कापूर जाळायचे, तापलेली सळई चाटायचे. ते दिसले की लोक दारं लावून घ्यायचे. त्यांनी बोट दाखवलेली बाई पुन्हा घरी नांदली नाही. त्यांना शेजारच्या अक्कानं आणलं. तिच्या सुनेची दोन बाळं पाठोपाठ गेली आणि सुनेची वाचाच बसली. दोन्ही बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची ती माझी बायको. आम्हाला मूल नव्हतं. लोकांना एवढं पुरलं.

परीक्षा अशी. प्रत्येकीपुढं हळदीच्या पाण्याची वाटी. हात बुडवायचा. पाणी लाल झालं तर ती चेटकीण. सगळ्यांचं पिवळं राहिलं. हिनं बोटं घातली आणि वाटी लाल झाली.

सोडा लागला की हळद लाल होते. यात विद्या कसली? हळदीत चुना कालवून ओवाळायचं लाल पाणी त्या गल्लीतली प्रत्येक बाई घरी करत होती. मी तेच बोंबलून सांगितलं. सगळ्या खाली बघत राहिल्या. मग मी माझा हात दुसऱ्या वाटीत घातला. दिवसभर चुन्यात-सोड्यात असणारा हात तो. तेही पाणी लाल झालं. कांबळीवाल्यांचा म्होरक्या हसला. "बघा, नवऱ्यालाही चेटूक लावलंय हिनं." लोकही हसले. गर्दीत एक पोलीस होता, त्याच्या पाया पडलो. देवाच्या कामात मी पडत नाही म्हणाला.

तिला देवळामागच्या खोलीत कोंडून निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. दोन्ही बाळं मी खाल्ली असं तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मग केस कापून गावाबाहेर सोडणार. नाही म्हटलं तर धूर चालूच. म्होरक्यानं मला आत सोडलं. म्हणाला, अण्णा, स्वल्प, जरासं समजावून सांग.

मी तिचे पाय धरले. आजवर कुणापुढं तसा रडलो नाही.

"एकदा हो म्हण. येलहंक्याला जाऊ. तिथं आपल्याला कोण ओळखतं?"

तिला धड श्वास घेता येईना. "त्या पोरांना मी न्हाऊ घातलंय हो. हो म्हटलं तर मी मारली असं होईल. ती सून जन्मभर तेच धरून बसेल."

"बसू दे. तू जग."

"तुम्ही जगाल तसं. मला नाही जमायचं."

मला ओढून बाहेर काढलं. मी दाराला डोकं लावून बसलो. आतून ते विचारायचे आणि ती नाही म्हणायची. मध्ये खोकला, मग पुन्हा नाही. मी बाहेरून तिला शिव्या दिल्या, हट्टी म्हटलं, देवाची शपथ घातली. मग तिचा आवाज यायचा थांबला. दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून होती, डोळे उघडे, श्वास नाही. खांदा द्यायला कुणी आलं नाही. लडी न्यायच्या हातगाडीवर घालून मीच तिला नेलं, मीच अग्नी दिला. कांबळीवाले तोवर निघून गेले होते.

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर बसलेले लोक बोलत होते, शेवटी कबूल झाली म्हणे. मी तोंडसुद्धा धुतलं नाही. गल्लीच्या नळावर जाऊन उभा राहिलो. पाणी यायची वेळ होती. येईल तिला सांगितलं, माझी बायको हो म्हणाली नाही. कुणी तोंडावर पदर ओढला, कुणी कळशी अर्धीच घेऊन गेली. अक्का आली, मला बघून परत फिरली. मग तिची सून आली. तिलाही सांगितलं. तिनं घागर नळाखाली ठेवली. घागर भरून वाहायला लागली तरी ती उचलेना, माझ्याकडं बघत राहिली. मी तिला परत सांगितलं.