साळवे सरांच्या भिंतीवरचा कप

पुंडलिकनगरच्या आपल्या खोलीत साळवे सरांनी ओट्यामागच्या भिंतीवर काळ्या रंगानं आकृत्या काढल्या होत्या. झाऱ्याची, चिमट्याची, पकडीची आणि दोन कपांच्या. ज्या त्या आकृतीवर ती ती वस्तू टांगलेली. एक कप त्यांचा, दुसरा माझा. सर एकटेच राहायचे.

हवाई दलातून निवृत्त होऊन ते आमच्या विमानदुरुस्तीच्या संस्थेत शिकवायला आले. मी तिथला प्राचार्य. कार्यशाळेतही त्यांनी हत्यारांसाठी अशीच पाटी केली. "रिकामी जागा दिसली की समजायचं, पाना इंजिनात राहिला. सापडेपर्यंत विमान हलवायचं नाय." एकदा एका स्क्रूड्रायव्हरपायी त्यांनी अख्ख्या वर्गाला डबा खाऊ दिला नाही. तो शेवटी माझ्याच टेबलावर निघाला. "प्राचार्य, तुम्हालाबी उपाशी ठेवायला पायजे," म्हणाले.

मग विमानं वाढली, दुरुस्तीला माणसं मिळेनात. एका कंपनीनं आमची सगळी तुकडीच मागितली. फक्त प्रत्यक्ष कामाच्या नोंदवह्या पूर्ण हव्या होत्या. आमचं सरावाचं इंजिन कित्येक महिने बंद होतं. निम्मी कामं मुलांनी केलीच नव्हती. मी वह्या घेऊन सरांच्या खोलीवर गेलो.

"सह्या करा, सर. पोरांच्या नोकऱ्या जातील."

"लई मागणी हाय ना? मग थांबतील की महिनाभर. इंजिन चालू करून द्या, मी रविवारीबी शिकवतो."

"ते थांबणार नाहीत."

"इंजिनाला कागद वाचता येत नाय, प्राचार्य."

त्यांनी चहा ओतला. मी न पिताच उठलो.

सह्या मी केल्या. सरांनी राजीनामा दिला; कारण लिहिलं, 'घरगुती'. घरात दुसरं होतं कोण? मुलं नोकरीला लागली, माझा सत्कार झाला. सर वाळूजच्या एका कारखान्यात हत्यारं सांभाळू लागले. दोनदा त्यांचा निरोप आला, "चहाला या." मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात ते वारले. घरमालकांनी मलाच बोलावलं. भिंतीवर सगळं जागच्या जागी होतं. माझा कपही, धुतलेला.

"न्या की आठवण म्हणून," मालक म्हणाले.

मी कप काढला. मागं रिकामी आकृती उरली. मला ती बघवेना. कप परत टांगला.

"अहो, खोली रिकामी करायचीय मला."

आजवर बोललो नाही ते इथं लिहितो. त्या वह्यांमधली निम्मी कामं झालेली नव्हती. सह्या माझ्या आहेत.