दोन बदकांच्या पेटीचा जामीन

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चकित व्हायला नको. बायको म्हणते, तापट नाही, नुसता घायकुता. असेल. माझ्या स्वभावाचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी काडेपेटीचे छाप जमवतो. छाप म्हणजे पेटीवर चिकटवलेलं चित्र. लहानपणी आमच्या गल्लीत सगळीच पोरं जमवायची. मोठी झाल्यावर बाकीचे शहाणे झाले, मी राहिलो. पोटासाठी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं खातं सांभाळतो. बाराच्या गठ्ठ्यात अकरा टॉवेल बांधणाऱ्याला मी गठ्ठा नुसता हातात घेऊन पकडतो. या कौशल्याचा मला फार अभिमान होता.

आमच्यासारख्या छापवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. पैशाचा व्यवहार तिथे चालत नाही. छापाला छाप, पेटीला पेटी, अशी सरळ अदलाबदल. आणि सगळी भली माणसं असल्यामुळे निम्मे सौदे फिसकटतात. एकाने छाप घेतला आणि आपला पाठवायच्या वेळी त्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. ते लग्न आठ महिने चाललं. दुसऱ्याने अस्सल छाप म्हणून रंगीत झेरॉक्स पाठवली, वर विचारलं, "चित्र तेच आहे ना?" ती झेरॉक्स मला आली होती. मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून चौदा नियम लिहिले आणि ग्रुपवर टाकले. एका मिनिटात चाळीस अंगठे आले. एका मिनिटात चौदा नियम कुणाचे वाचून होतात? पण त्या अंगठ्यांनी मी ग्रुपचा न्यायाधीश झालो.

नियम कडक होते. सौदा मोडणाऱ्याचं नाव काळ्या यादीत. त्यातून बाहेर पडायचं तर दुसऱ्या सभासदाने जामीन राहायचं. ग्रुपवर बोलून निरोप पाठवायचे नाहीत, लिहूनच पाठवायचे, कारण एक सभासद बोलायच्या आधी तीन मिनिटं खोकायचे. तक्रार चालू असताना न्यायाधीशाने कुठल्याही पक्षाशी खाजगीत बोलायचं नाही. आणि माझा सगळ्यात लाडका, नववा नियम: ज्याने नवा सभासद आणला तो त्याचा जामीन. नव्याने दगा दिला तर फसलेल्या माणसाने जामिनाच्या वहीतला हवा तो छाप उचलायचा.

त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच मी एक सभासद आणला.

ते दुधनीचे कापडाचे व्यापारी. आमच्या कारखान्यातून टॉवेल आणि चादरी न्यायचे. एकदा माझ्या टेबलावरच्या वहीतला छाप बघून म्हणाले, "अशी एक आख्खी पेटी हाय की माझ्याकडं. आजोबाच्या येळची. काड्या बी हायेत आत." मी खुर्चीतून उठलोच. दोन बदकांचा छाप, आत काड्या, आणि पेटीवर आडवी चिकटवलेली सरकारी कराची कागदी पट्टी शाबूत, म्हणजे पेटी कधी उघडलीच नाही! छापवाल्यांच्या जगात अशी पेटी म्हणजे गुप्तधनाचा न फोडलेला हंडा. मी त्यांना तिथल्या तिथे ग्रुपात घेतलं.

पेटी ग्रुपवर दिसली आणि मंगळवेढ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक पुढे सरसावले. मला हवी होती, पण ज्याने सभासद आणला त्याने पहिल्या सौद्यात पडायचं नाही, हाही नियम माझाच. गुरुजींनी तीन दुर्मिळ छाप दुधनीला पाठवले. मिळाल्याबद्दल व्यापाऱ्यांनी ग्रुपवर कमळाचं चित्र टाकलं, खाली 'शुभ सकाळ'. पेटी मात्र आली नाही. एक महिना गेला, दोन गेले. गुरुजी विचारायचे, व्यापारी कमळ टाकायचे. ग्रुपवर लोक त्यांना काहीबाही बोलायला लागले, तर त्यांनी गुलाब टाकला.

मग गुरुजींचा अर्ज आला. विषय: ठरलेली पेटी अद्याप न मिळाल्याबाबत. महोदय, सादर प्रणाम. आणि शेवटी, नियम क्रमांक नऊ अन्वये मी जामिनाच्या वहीतून 'उंटावरचा टपालवाला' हा छाप निवडत आहे, तरी पंधरा दिवसांत पेटी न आल्यास तो मिळावा, ही विनंती.

उंटावरचा टपालवाला मला चौथीत असताना सापडला होता, गिरणीच्या दारातल्या पानटपरीखाली, चिखलात. तो काढताना शाळेचा सदरा बरबटला म्हणून वडिलांनी मारलं होतं. तेव्हापासून तो माझ्याकडे होता. त्याच्या बदल्यात मला लोकांनी काय काय देऊ केलं होतं, मी दिला नव्हता. तो जाणार या विचाराने मला खरोखर जेवण जाईना.

गुरुजींनी ग्रुपवर पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून व्यापाऱ्यांचे मला तीनदा फोन आले होते. मी उचलले नाहीत. विचारणा झाली की तक्रार सुरू, असा नियमच होता ना.

चौदाव्या दिवशी मी रजा टाकली. समक्ष वसुलीला जायची मनाई करायला मी विसरलो होतो, एवढी एकच फट माझ्या कायद्यात होती. अक्कलकोटला गाडी बदलून दुधनीला पोचलो. वाटेत मनात भाषण तयार केलं होतं. 'विश्वासघात' हा शब्द त्यात चारदा येत होता.

दुकानात शिरलो तर व्यापारी गादीवर, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा.

"शरणार्थी, सायब! बर्री, बर्री," त्यांच्याकडचा नमस्कार करत आणि कानडीत या, या म्हणत ते अर्धवट उठायला लागले. "किती दिस झाले वाट बघायलोय तुमची. फोन उचलत न्हाईत की तुमी."

प्लास्टरपुढे ते भाषण चालणार नव्हतं. मी नुसतं विचारलं, "पेटी कुठे आहे?"

"हाय की. कुटं जाती?" त्यांनी मागच्या कपाटातून आमच्याच कारखान्याच्या टॉवेलात गुंडाळलेलं पुडकं काढलं. "अक्कलकोटला कुरिअरवाल्याकडं गेलो. आत काय म्हनला. म्हनलं काडीपेटी. भरलेली का? व्हय, भरलेली. जळनारी वस्तू चालत न्हाय म्हनला. मग म्हनतो, वर खेळनं म्हनून लिवा. खेळनं न्हवं ते, तर कसं लिवू? तर म्हनला, काड्या काढून पाठवा."

"मग?"

"काड्या काढायच्या तर पट्टी फाडायला लागती की. मग मास्तरास्नी दिलेला शब्द कुटं ऱ्हायला? म्हनलं आपनच जाऊन देऊन येतो मंगळवेढ्याला. निघालो आन् बसमधनं उतरताना पाय मोडला."

"अहो, हे ग्रुपवर सांगायचं की!"

"मी कानडी शाळंत शिकलो, सायब. मराठी वाचतो जरा जरा, लिवायला येत न्हाय. बोलून पाठवावं तर तुमचा नियम हाय. तुमाला फोन केला तर तुमी उचलंना. मग फुलं टाकत हुतो. लोकास्नी वाटावं की मानूस हाय हितंच, पळालेला न्हाय."

मी लाजलो. थोडा वेळच, पण लाजलो. त्यांनी चहा पाजला, शेंगाची चटणी बांधून दिली आणि पेटी दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली. "आता तुमच्या हातात हाय म्हनल्यावर मला घोर न्हाय," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मात्र माझ्यातला गठ्ठे मोजणारा जागा झाला. पेटी कानाशी धरून हलवली. आवाज नाही. परत हलवली. काड्या असलेली पेटी वाजते, हे लहान मूलही सांगेल. ही वाजत नव्हती. अक्कलकोट येईपर्यंत माझी खात्री झाली की पेटी रिकामी आहे आणि वर पट्टी डकवलेली आहे. प्लास्टर, कानडी शाळा, चटणी, सगळं नाटक! सोलापूर येईपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात तुरुंगात टाकलं होतं. आणि अकरावा नियम स्पष्ट होता: मध्यस्थाने माल तपासून मगच पुढे द्यावा.

घरी आल्या आल्या चपलाही न काढता मी ब्लेड घेतलं आणि पट्टी कापली.

आत काड्या होत्या. इतक्या घट्ट बसवलेल्या की एकही हलत नव्हती. मी मोजल्या. पन्नासच्या पन्नास. लाल गुल प्रत्येकीच्या डोक्यावर जसाच्या तसा. पिढ्यान्‌पिढ्या कुणी उघडली नव्हती ती पेटी मी दोन मिनिटांत उघडली होती, तीही न उघडलेली आहे याची खात्री करायला.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने पेटी बघितली, ब्लेड बघितलं, माझं तोंड बघितलं. "आता एक पेटवून पण बघा," म्हणाली. "चालते का नाही, तेवढंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पेटी आणि छापांची वही घेऊन मंगळवेढ्याला गेलो. गुरुजींनी पेटी खिडकीपाशी नेली, भिंग लावलं आणि पट्टीवरची चीर त्यांना एका क्षणात दिसली.

"हे कोणी केलं?"

"मी. अकराव्या नियमाप्रमाणे."

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अकराव्या नियमात 'तपासून' आहे. 'फोडून' नाही." चाळिसातला एक अंगठा तरी वाचून दिलेला होता तर. "ठरली होती ती पेटी ही नव्हे. ही त्यांची त्यांना परत करा. मला टपालवाला द्या."

मला आतून वाटत होतं की ते म्हणतील, जाऊ द्या, असू द्या. त्यांनी चिमट्याने उंटावरचा टपालवाला माझ्या वहीतून अलगद काढला, आपल्या वहीत ठेवला, खाली तारीख घातली. मग म्हणाले, "जेवूनच जा." मी जेवलोसुद्धा. गरम भाकरी होती, पिठलं होतं, आणि मला एकाचीही चव कळली नाही.

स्टँडवर आल्यावर दुधनीला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"पोचली का? पट्टी शाबूत हाय न्हवं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं; पेटी परत देताना चीर गुरुजींच्या हातून पडली म्हणता आलं असतं. ते ग्रुपवर काही लिहिणार नव्हते आणि गुरुजी त्यांना फोन करणार नव्हते. पण त्या माणसाने 'खेळणं' एवढा एक शब्द खोटा लिहिला नव्हता.

"मी फोडली," म्हणालो. "रिकामी असेल असं वाटलं मला. तुम्ही फसवताय असं वाटलं."

पलीकडे दुकानात कुणीतरी कानडीत चादरीचा भाव करत होतं.

"काड्या बरुबर हुत्या का?"

"पन्नासच्या पन्नास."

"आजोबा म्हनायचे तसं. बरं झालं, आता कळलं तरी." मग जरा थांबून, "माझं नाव लिवलं का वो यादीत?"

"नाही. सौदा मी मोडला. माझं नाव लिहितोय."

"त्यातनं भाईर पडायला काय लागतं?"

"कुणीतरी जामीन राहावं लागतं."

"मग मी ऱ्हातो की," ते म्हणाले. "पाय बरा झाला की येतो सोलापूरला. सही कुटं करायची तेवढं दावा. सही येती मला."

समोर सोलापूरची गाडी लागली, भरली, निघून गेली. मी पुढच्या गाडीने आलो.